पाणचक्की बघायची तर पाण्याच्या मागं मागं जा

संभाजीनगरला पाहुणे आले की बीबी का मकबरा आणि मग पाणचक्की, हे ठरलेलंच. आणि पाणचक्कीत काय करतात तर हौदापाशी उभं राहून फोटो, झालं. मीपण पहिल्यांदा तेच केलं, चक्की कुठंय हे न बघताच घरी आलो 😅

तर आधी हौद सोडा आणि ती उंच भिंत बघा जिच्यावरून पाणी कोसळतं. हे पाणी हर्सूलच्या बाजूनं, काही किलोमीटरवरून जमिनीखालच्या मातीच्या नळांतून येतं. उगम उंचावर आहे म्हणून ते भिंतीतून आपोआप वर चढतं, मोटर नाही काही नाही. मग चक्कीच्या खोलीत जा. वरून फक्त दगड दिसतो, खरी गंमत खाली आहे, वाकून बघा. पाण्याचा जोर पात्यांवर बसतो, पाती आडवी फिरतात, त्यांचा उभा दांडा वर येऊन वरचा दगड फिरवतो. खालचा हलत नाही. म्हणजे आपलं जातंच की, फक्त खुंटा धरायला बाई नाही, पाणी आहे.

चक्कीवाल्याला मात्र काम नसायचं असं समजू नका. दाणे कमी पडले तर दगडावर दगड घासून पिठात कच येणार, जास्त पडले तर भरड निघणार, त्यामुळं सारखं पीठ चिमटीत घेऊन बघायचं. आणि दगड गुळगुळीत झाला की टाकी लावायची, म्हणजे छिन्नीनं ठोकून तो परत खरबरीत करायचा. आमच्या आजीच्या जात्याला टाकी लावायला पाथरवट यायचा, दुसऱ्या दिवशीचं पहिलं पीठ ती गाईला घालायची, खडे असतात म्हणून.

इथलं दळण दर्ग्यातल्या फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी असायचं. बाबा शाह मुसाफिर हे बुखाऱ्याकडून आलेले सूफी, त्यांचा दर्गा याच आवारात आहे, तिथं डोकं झाकून, चपला काढून जा.

निघताना हौदाखालचं दालन विसरू नका. हौदाचा तळ हेच त्याचं छत, म्हणून भर मे महिन्यातही आत गार लागतं. पण पाण्याचा खरा जोर बघायचा तर पावसाळा संपता संपता या, उन्हाळ्यात धार बारीक झाली की पोरं विचारतात, पप्पा चक्की बंद पडली का?