व्हॅनच्या बॅटरीवर पेन्सिल सेलच्या वस्तू चालवताय? आधी या चुका टाळा

मे महिन्यात सोलापुरात दुपारी गाडीचा पत्रा हात लावू देत नाही, त्यामुळं आमची व्हॅन बाहेर पडते ती उन्हं उतरल्यावरच, कधी हिप्परग्याच्या तलावावर, कधी नान्नजकडं आणि दोन दिवसांची सुट्टी असली की उजनीच्या काठाला. मागं झोपायची फळी, खाली वेगळी बॅटरी, आणि सोबत कंदील, पंखा, रेडिओ, टॉर्च असं सगळं सेलवर चालणारं सामान. दरवेळी पेन्सिल सेलची पाकिटं घेण्यापेक्षा हे गाडीतल्या त्या वेगळ्या बॅटरीवर चालवावं असं कुणालाही वाटणार, आणि ते चांगलं चालतंही, फक्त वायर जोडायच्या आधी व्होल्ट मोजायचा मीटर लावा, एवढं मनापासून सांगतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे 12 व्होल्टची बॅटरी खरंच 12 व्होल्ट देते असं समजणं. फुल चार्ज लेड ॲसिड बॅटरी नुसती ठेवली तरी 12.6 दाखवते आणि इंजिन चालू असलं की 14.4 पर्यंत जाते. आता चार सेलचा कंदील म्हणजे 6 व्होल्टचा, मग मी काय केलं, सारखे दोन कंदील एकापुढं एक सिरीजमध्ये जोडले, 6 आणि 6 बारा. उजनीला पहिली रात्र मस्त गेली, दुसऱ्या रात्री बायकोनं झोपताना एक कंदील बारीक केला आणि पाच मिनिटांत गाडीत जळका वास. मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "काय करालाव बे, व्होल्ट काय निम्मे निम्मे वाटून घेतेत व्हय?" बरोबर होतं त्याचं. सिरीजमध्ये जी वस्तू कमी करंट ओढायला लागते तिच्यावरच जास्त व्होल्ट चढतात, म्हणून बारीक केलेलाच कंदील गेला.

यावर उपाय म्हणजे बक कन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीचे व्होल्ट कमी करून देणारं बोर्ड. एलएम2596 या आयसीचं छोटं बोर्ड कुठल्याही इलेक्ट्रॉनिकच्या दुकानात मिळतं. पण त्यातही घाई नको. बोर्डवर पितळी स्क्रू असतो, त्यानं आउटपुट सेट होतं, आणि नवीन बोर्ड बऱ्याचदा वरच्या व्होल्टवर सेट असतं, स्क्रू आठ-दहा वेळा फिरवला तरी आकडा हलत नाही, मग माणूस बोर्ड खराब आहे म्हणून फेकून देतो. घड्याळाच्या काट्याच्या उलटा फिरवत राहा, मीटरवर एकदम आकडा उतरायला लागेल, 6 वर आला की थांबा, स्क्रूवर नेलपेंटचा थेंब टाका म्हणजे गाडीच्या धक्क्यानं हलणार नाही, आणि मगच कंदील जोडा. बोर्डवर 3 अँपियर लिहिलेलं असतं पण आपल्या उन्हात दीड-दोनच्या वर नेऊ नका, आणि टपाच्या पत्र्याला चिकटवू तर अजिबात नका.

सेलच्या डब्यात वायर कुठं जोडायची, इथंही गडबड होते. चार सेलच्या डब्यात बऱ्याच पट्ट्या नुसत्या एका सेलला दुसऱ्याशी जोडायला असतात. सेल आत असतानाच मीटरच्या पिना लावून बघा, ज्या दोन टोकांना 6 च्या आसपास येतं तीच खरी प्लस-मायनस. ती खूण करा आणि सेल काढून टाका. सेल आत ठेवून बाहेरून सप्लाय दिला तर साधे सेल गळतात. चार्जिंगच्या पंख्यात आत 4 किंवा 6 व्होल्टची छोटी बंद बॅटरी असते, ती फुगते. लिथियम सेल तर 4.2 च्या वर चढवणं म्हणजे आगीला आमंत्रण, त्या वस्तूला यूएसबीचं तोंड असेल तर गाडीच्या 5 व्होल्टच्या चार्जरनं तिथूनच चार्ज करा, आत हात घालू नका.

रेडिओची गोष्ट वेगळी आहे. बक कन्व्हर्टरवर मीडियम वेव्हला खर्रर्र आवाज येतो आणि लोक रेडिओलाच दोष देतात. रेडिओ 100 मिलीअँपियरच्या आसपास ओढतो, त्याला 7806 ही 6 व्होल्ट देणारी तीन पायांची आयसी पुरते, आवाज स्वच्छ. तीच आयसी 1 अँपियरच्या पंख्याला लावली तर जवळपास 8 वॅट नुसती उष्णता होते, बोट भाजतं.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात बसवा. तो वस्तूसाठी नसतो, वायरसाठी असतो. वायर कुठं घासून बॉडीला टेकली तर बॅटरी शेकडो अँपियर सोडते आणि फ्यूज लांब असला तर मधली वायर लाल होते. वायर पण बारीक नको. अर्ध्या स्क्वेअरची (0.5 चौरस मिलीमीटर जाडीची) वायर बॅटरीपासून पाच मीटर लांब नेली, जाऊन येऊन दहा मीटर, आणि त्यावर 5 अँपियर ओढले तर पावणेदोन व्होल्ट वायरमध्येच जातात. मग 12 चा पंखा दमल्यासारखा फिरतो. अडीच स्क्वेअरची घातली की हेच नुकसान पाव ते अर्ध्या व्होल्टवर येतं.

हे सगळं स्टार्टरच्या, म्हणजे इंजिन चालू करणाऱ्या बॅटरीवर घेऊ नका. 12.1 च्या खाली गेली म्हणजे बॅटरी अर्धी संपली, आणि नान्नजच्या माळावर पहाटे गाडी ढकलायला माणूस कुठून आणणार.

शेवटची चूक अगदी साधी आहे, सगळ्या वस्तूंना एकाच मापाची पिन लावणं. अंधारात 6 ची पिन 12 च्या सॉकेटमध्ये सहज जाते. आमच्याकडं आता 12 ला लाल पट्टी, 6 ला पिवळी आणि तिथं पिनच वेगळ्या मापाची, म्हणजे पोरानं चुकून घातली तरी आत जात नाही.