नेदरलँड्समध्ये पाळणाघराचे अनुदान: अर्ज करण्यापूर्वी तासांचा आणि उत्पन्नाचा हिशेब

आम्सटलवेन, हेग किंवा आइंडहोव्हन येथे नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांपैकी बहुतेकांना पाळणाघराचे पहिले बिल पाहून धास्ती बसते. मग कोणीतरी त्यांना सांगते की त्यातला मोठा भाग सरकार देते, आणि त्याच रात्री घाईघाईने अर्ज भरला जातो. माझी सर्व नवागतांना कळकळीची विनंती आहे की एक संध्याकाळ राखून ठेवावी, पाळणाघराचा करार आणि दोघांच्या पगाराची कागदपत्रे समोर घ्यावीत आणि मगच अर्जाला हात घालावा. या अनुदानाला किंडरओपफांगतूस्लाख म्हणतात. ते दिन्स्त तूस्लाखन हे सरकारी कार्यालय दर महिन्याला आगाऊ देते, आणि वर्ष संपल्यानंतर खऱ्या आकड्यांशी ताडून पाहते.

बीएसएन (नागरिक क्रमांक), डिजिडी (सरकारी संकेतस्थळांवरचे लॉगिन) आणि बँक खाते ही पहिली तयारी आहे, आणि ती नोकरीच्या निमित्ताने बहुतेकांची झालेली असते.

हक्काची मुख्य अट अशी की घरात दोन पालक असतील तर दोघांनीही काम करत असले पाहिजे. आपल्याकडे एकाला नोकरी मिळून कुटुंब येथे येते आणि जोडीदार नंतर नोकरी शोधू लागतो. या शोधाच्या काळात सर्वसाधारणपणे अनुदान मिळत नाही, आणि मूल घरी असताना मुलाखतींना जाणे कठीण होते, ही अडचण खरी आहे. अशा कुटुंबांनी नगरपालिकेकडे लहान मुलांच्या सवलतीच्या वर्गांची चौकशी करावी, कारण हे अनुदान न मिळणाऱ्या पालकांसाठी अनेक नगरपालिका अडीच ते चार वर्षांच्या मुलांना काही तास स्वस्तात उपलब्ध करून देतात. जोडीदाराचे काम सुरू झाल्यावर मात्र आठवड्याचे तास थोडे असले तरी चालतात. १ जानेवारी २०२३ पासून पालकाने किती तास काम केले याचा आणि अनुदानाच्या तासांचा संबंध उरलेला नाही. पुढे नोकरी सुटली, तरी हक्क लगेच संपत नाही. तो तीन महिने टिकतो.

आता खर्चाचा हिशेब. महिन्याच्या बिलाचा एकूण आकडा पाहून त्यावर टक्केवारी लावू नये, कारण सरकार तासांनी मोजते. बहुतेक पाळणाघरे एक दिवस म्हणजे ११ तास धरतात, मग तुम्ही मुलाला संध्याकाळी साडेचारला घरी आणले तरी. आठवड्यातून तीन दिवस आणि वर्षाचे ५२ आठवडे असा करार असेल, तर ३ गुणिले ११ गुणिले ५२ भागिले १२, म्हणजे महिन्याला १४३ तास होतात. सरकार प्रत्येक मुलामागे महिन्याला जास्तीत जास्त २३० तास मान्य करते. पाच दिवसांचा असाच करार २३८ तासांच्या वर जातो, म्हणून वरच्या आठेक तासांचा पूर्ण खर्च पालकांवर पडतो.

दरालाही मर्यादा आहे. २०२५ साली पाळणाघरासाठी तासाला १०.७१ युरो, शाळेनंतरच्या बीएसओसाठी ९.५२ युरो आणि घरी मुले सांभाळणाऱ्या नोंदणीकृत खास्टआउडरसाठी ८.१० युरो एवढाच दर मान्य होता. हे आकडे दरवर्षी बदलतात. समजा तुमच्या पाळणाघराचा दर ११.५० युरो आहे आणि तुमच्या उत्पन्नानुसार तुम्हाला ७० टक्के मिळतात. १४३ तासांचे बिल १,६४४.५० युरो होईल. ७० टक्के मात्र १०.७१ च्या दराने, म्हणजे १,५३१.५३ युरोंवरच मिळतील; अनुदान सुमारे १,०७२ युरो आणि तुमच्या खिशातून सुमारे ५७२ युरो. ज्यांनी सरळ बिलाच्या ७० टक्के धरले असतील त्यांना खिशातून ४९३ युरोच जातील अशी अपेक्षा असते, आणि दरमहा जवळपास ८० युरोंचा फरक का पडतो हे त्यांना उमगत नाही. दोन मुले असतील तर ज्याचे तास अधिक ते पहिले मूल धरले जाते आणि दुसऱ्यासाठी टक्केवारी जास्त असते.

टक्केवारी दोघांच्या एकत्रित वार्षिक उत्पन्नावर ठरते, आणि मी पाहिलेल्या कुटुंबांचे सर्वाधिक नुकसान याच ठिकाणी झाले आहे. अर्जात तुम्ही त्या वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज लिहिता, आणि कार्यालय तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून पैसे देऊ लागते. माझ्या ओळखीच्या एका दांपत्यात पत्नीला वर्षाच्या मध्यावर आधीपेक्षा बरीच मोठी नोकरी मिळाली, आणि आनंदाच्या भरात अंदाज बदलायचा राहून गेला. पुढल्या वर्षी कर विवरणपत्र भरल्यानंतर अंतिम हिशेब आला आणि अनेक महिन्यांच्या अनुदानातला मोठा भाग परत मागण्यात आला. तोवर ते पैसे घर लावण्यात आणि भारताच्या तिकिटांत खर्च झाले होते. म्हणून सांगतो, आणि पुन्हा सांगतो: दर महिन्याला खात्यात येणारी रक्कम ही उचल आहे. पगारवाढ, बोनस, नवी नोकरी, पाळणाघराचा एक दिवस वाढणे किंवा कमी होणे, हे सर्व चार आठवड्यांच्या आत कळवावे.

अंदाज लिहिताना मासिक पगार गुणिले १२ करून थांबू नये. मे महिन्यात मिळणारे ८ टक्के सुट्टीचे पैसे त्यात धरावे लागतात. ज्यांना परदेशातून आलेल्या कर्मचाऱ्यांसाठीची ३० टक्क्यांची कर-सवलत आहे त्यांनी करारातला पूर्ण पगार न लिहिता सवलतीनंतरचा करपात्र पगार पाहावा. अनेकजण उलटे करतात आणि हक्काचे पैसे वर्षभर गमावून बसतात. भारतातले उत्पन्नही विसरू नये.

आपल्याच लोकांत उत्पन्न मुद्दाम कमी लिहून ‘नंतर बघू’ म्हणणारे सल्लागार आहेत. त्यांचे ऐकू नये. दुसऱ्या टोकाला अनुदानाला हातच न लावणारी कुटुंबे आहेत, आणि त्यांची भीती मला समजते. याच अनुदानाच्या चौकशीत हजारो पालकांना, विशेषतः परदेशी मूळ असलेल्यांना, चुकीने फसवणूक करणारे ठरवले गेले; किरकोळ त्रुटींसाठी संपूर्ण रक्कम वसूल झाली, संसार मोडले, आणि १५ जानेवारी २०२१ रोजी तेव्हाचे पंतप्रधान रुट्टे यांच्या मंत्रिमंडळाने त्यापायी राजीनामा दिला. हा या देशाच्या प्रशासनावरचा गंभीर डाग आहे आणि तो येथील लोकही मान्य करतात. तरीही हे अनुदान काम करणाऱ्या पालकांचा हक्क आहे आणि ते घेतल्याने निवासपरवान्याला बाधा येत नाही. भीतीवर उपाय कागद जपणे हा आहे: करार, प्रत्येक बिल आणि तुमच्या खात्यातून पाळणाघराला पैसे गेल्याची नोंद. तुमचा वाटा तुम्ही खरोखर भरला हे दाखवता आले पाहिजे, म्हणून रोख व्यवहार अजिबात करू नये.

शेजारच्या मराठी ताईंकडे मूल प्रेमाने वाढेल, याबद्दल मला शंका नाही. पण त्यांचा एलआरके या पाळणाघरांच्या राष्ट्रीय नोंदवहीत क्रमांक नसेल तर एक युरोही मिळणार नाही. क्रमांक करारावर असतो, आणि नोंदवही संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते.

आजी-आजोबा ९० दिवसांच्या व्हिसावर आले की काहीजण पाळणाघर थांबवतात. तसे केल्यास अनुदानही त्या तारखेपासून थांबवावे, आणि पाळणाघराची प्रतीक्षायादी लक्षात घेऊनच निर्णय करावा, कारण मोठ्या शहरांत सोडलेली जागा परत मिळायला महिनोन्‌महिने लागतात.

अर्जाला उशीर झाला तर मागचे फक्त तीन महिने मिळतात. जानेवारीत पाळणाघर सुरू झाले असेल तर ३० एप्रिलपर्यंत अर्ज गेला पाहिजे. वर्ष संपल्यावर पाळणाघर यारओपखाव्ह नावाचे वार्षिक विवरण पाठवते. त्यातले तास आणि दर तुमच्या अर्जातल्या आकड्यांशी त्याच आठवड्यात ताडून पाहावेत, फरक असेल तर ऑनलाइन दुरुस्त करावा, आणि तरीही परतफेडीची मागणी आली तर रक्कम २४ महिन्यांच्या हप्त्यांत फेडण्याची व्यवस्था मागता येते.