एक्स्पोर्ट करताना बिट डेप्थ कशी ठरवावी

बिट डेप्थ म्हणजे चित्रातल्या रंगांच्या छटा किती पायऱ्यांत नोंदवायच्या, हे ठरवणारा आकडा. मोठ्या रिझोल्यूशनच्या प्रतिमांचे काम शिकू लागलेल्या बहुतेकांचा ओढा १६ बिटकडे असतो, कारण मोठा आकडा म्हणजे चांगली प्रत असे त्यांना वाटते. छायाचित्रांवर संस्करण करता करता माझे मत मात्र असे झाले आहे की, बिट डेप्थ ठरवताना चित्र किती मोलाचे आहे यापेक्षा त्या फाइलवर पुढे कोणते काम होणार आहे, हे पाहावे.

आधी आकड्यांचा घोळ निस्तरू. स्कॅनरच्या सेटिंगमध्ये दिसणारे २४ बिट आणि फोटोशॉपमधले ८ बिट एकच आहेत. पहिला आकडा लाल, हिरवा व निळा या तिन्ही चॅनेलची बेरीज असतो, तर दुसरा एका चॅनेलचा असतो. ८ बिटमध्ये प्रत्येक चॅनेलला २५६ पायऱ्या मिळतात आणि तिन्ही मिळून सुमारे १ कोटी ६७ लाख रंग होतात. तयार चित्र नुसते पाहण्यासाठी एवढे बहुधा पुरते. अडचण येते ती फेरफार करताना. सावलीतल्या ३० पायऱ्या कर्व्हने (उजेड-अंधार कमीजास्त करण्याच्या साधनाने) ताणून ९० पायऱ्यांच्या जागेत पसरवल्या, तर मधल्या पायऱ्या आणायच्या कुठून? त्या रिकाम्याच राहतात, हिस्टोग्राम (कोणत्या पायरीवर किती पिक्सेल आहेत, हे दाखवणारा आलेख) कंगव्यासारखा दिसू लागतो आणि आकाशासारख्या सलग छटेत पट्टे उमटतात. थोडा नॉइज, म्हणजे बारीक दाणेदारपणा, असलेल्या छायाचित्रात हे पट्टे बरेचदा झाकले जातात (नॉइज असाही उपयोगी पडतो!), पण संगणकावर काढलेल्या स्वच्छ ग्रेडियंटमध्ये (एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणाऱ्या छटेत) ते लगेच डोळ्यांत भरतात, म्हणून असा ग्रेडियंट ८ बिटमध्ये नेताना डिदरिंग (पट्टे झाकण्यासाठी मुद्दाम बारीक दाणे मिसळणे) चालू ठेवावे.

कॅमेऱ्याच्या रॉ फाइलमध्ये (सेन्सरने टिपलेल्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) साधारणपणे १२ किंवा १४ बिटची माहिती असते, त्यामुळे पुढे संस्करण करायचे असेल तर ती १६ बिट टिफमध्ये काढावी. प्रोफोटो आरजीबीसारखी विस्तृत कलर स्पेस (फाइलमध्ये मावणाऱ्या रंगांचा पल्ला) वापरणाऱ्यांनी तर ८ बिटचा विचारच करू नये, कारण तेवढ्याच २५६ पायऱ्या अधिक मोठ्या पल्ल्यावर विभागल्या जाऊन दोन पायऱ्यांमधले अंतर वाढते. उलट, ८ बिटची जेपेग १६ बिटमध्ये बदलली म्हणून गेलेली माहिती परत येत नाही. फार तर पुढच्या फेरफारांत आणखी होणारे नुकसान कमी होते.

याची किंमत जागेत मोजावी लागते. २४ मेगापिक्सेलचे, एकाच लेयरचे चित्र ८ बिटमध्ये, कॉम्प्रेशनशिवाय, ७२ एमबी होते आणि १६ बिटमध्ये १४४ एमबी. १६ बिटच्या टिफला एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशन (माहिती न गमावता फाइल लहान करण्याची एक पद्धत) लावले, तर फाइल लहान होण्याऐवजी कधी कधी मोठीच होते. तिथे झिप कॉम्प्रेशन बरे, मात्र समोरच्याच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी फाइल उघडते का, हे विचारून घ्यावे.

वेबसाठी जेपेग द्यायची असेल तर निवडीचा प्रश्नच उरत नाही, कारण नेहमीची जेपेग ८ बिटचीच असते. क्रम मात्र सांभाळावा: आकार बदलणे, शार्पनिंग आणि एसआरजीबीमध्ये (वेबवर नेहमी वापरल्या जाणाऱ्या कलर स्पेसमध्ये) रूपांतर ही सर्व कामे १६ बिटमध्ये उरकून ८ बिट अगदी शेवटी करावे, आणि १६ बिटची मूळ फाइल जपून ठेवावी. एवढे करूनही पट्टे दिसले, तर फाइलला दोष देण्याआधी चित्र १०० टक्के झूमवर आणि दुसऱ्या मॉनिटरवर पाहावे, कारण ८ बिटपेक्षा कमी पायऱ्या दाखवणारे पॅनेलही वापरात आहेत आणि त्यांचे पट्टे फाइलमध्ये नसतात.