प्लॅस्टिकचं काडतूस हलकं खरं, पण या चुका टाळा

गोव्यात सत्तरीत, सांग्यात कुळागर (सुपारी-नारळाची बाग) राखायला ज्यांच्या घरी परवान्याची बाराबोरी, म्हणजे बारा बोअरची छऱ्यांची बंदूक आहे, त्यांना प्लॅस्टिकचं काडतूस नवं नाही. जुनी कागदी काडतुसं आषाढात फुगायची, नळीत बसायचीच नाहीत. प्लॅस्टिक आलं नि ती कटकट मिटली. त्यामुळे रायफलीच्या काडतुसाची पुंगळी, म्हणजे गोळी नि दारू धरणारं कवच, पितळेऐवजी प्लॅस्टिकची करताहेत ही बातमी वाचून ‘यात नवीन ते काय?’ असं सहज म्हटलं जातं. पहिली चूक हीच. बाराबोरीतला दाब साधारण ११,५०० पीएसआयच्या (दर चौरस इंचावर इतके पौंड) आत असतो, ५.५६ मिलिमीटरच्या रायफलीत तो ६०,०००च्या घरात जातो.

दुसरी चूक जास्त महागाची: पुंगळीला नुसतं वेष्टन समजणं. बार उडाला की पितळ फुगून चेंबरला, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेला, चिकटतं, गॅस मागे येऊ देत नाही आणि लगेच आकसून सुटतं. मग एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे बंदुकीतली आकडी, पुंगळीची कड धरून ओढतो, पितळेबरोबर थोडी उष्णताही बाहेर पडते. प्लॅस्टिकमधून उष्णता सावकाश जाते, म्हणून चेंबर कमी तापतं असं सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. पण एकट्या प्लॅस्टिकची कड ती ओढ सोसत नाही. बुडाला धातू लावावाच लागतो, आणि दुखणं नेमकं त्या सांध्यात. तिथून पुंगळी तुटली तर पुढचा तुकडा चेंबरमध्येच राहतो आणि ऐन वेळी बंदूक ठप्प!

वजन निम्मं होतं, हाही गैरसमज. गोळी आणि दारू तेवढीच राहते, बचत फक्त पुंगळीत, म्हणून अख्ख्या काडतुसाच्या वजनात साधारण ३० टक्के. १२ ग्रॅमची २१० काडतुसं धरली तर पाऊण किलो. पाठीवर वाहणाऱ्याला तेही कमी नाही, मशीनगनवाल्याला तर नाहीच नाही.

पितळ संपलं असंही समजू नका. अमेरिकी लष्कराच्या नव्या ६.८ मिलिमीटर रायफलीच्या स्पर्धेत प्लॅस्टिक पुंगळ्या होत्या, पण एप्रिल २०२२ मध्ये निवड झाली सिग सावर या कंपनीची. तिच्या पुंगळीचं बूड पोलादी, अंग पितळेचं.

आता घरचं. प्लॅस्टिक गंजत नाही म्हणून पावसाळाभर काडतुसं पडवीत ठेवू नका, बूड धातूचंच आहे. हिरवट पडलेलं, गंजलेलं किंवा तोंडाशी चिरलेलं काडतूस वापरू नये. चाप ओढूनही बार झाला नाही तर बंदूक लगेच उघडू नका. नळी सुरक्षित दिशेला धरून निदान ३० सेकंद थांबा.