सर्व्हरवर गर्दी उसळली की या चुका टाळा

निकाल लागतो, प्रवेशाची यादी जाहीर होते, नाहीतर एखाद्या बातमीत साइटचं नाव येतं आणि लोक एकदम तुटून पडतात. साइट उघडेनाशी झाली की सांभाळणारा घाबरतो आणि त्याच त्या चुका करतो. छोट्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) बहुतेकांकडे लिनक्स, एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर, पीएचपी चालवणारा पीएचपी-एफपीएम आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस असतो, तेच धरून लिहितो आहे.

लोड म्हणजे प्रोसेसर, असं धरून चालणं

बाकीच्या बऱ्याच चुका इथूनच सुरू होतात. लिनक्सचा लोड ॲव्हरेज फक्त प्रोसेसरसाठी ताटकळलेल्या प्रोसेस मोजत नाही, डिस्कपाशी अडकलेल्याही त्यात धरतो. त्यामुळे लोड ६० आणि प्रोसेसर जवळपास मोकळा, असं खुशाल दिसू शकतं. टॉप (चालू प्रोसेस आणि प्रोसेसरचा वापर दाखवणारी कमांड) उघडा आणि प्रोसेसरची ओळ शांतपणे वाचा. 'यूएस' जास्त असेल तर कोड किंवा क्वेरी (डेटाबेसकडे केलेल्या मागण्या) खरोखर राबतायत. 'डब्ल्यूए' जास्त असेल तर डिस्क किंवा स्वॅप (रॅम भरली की डिस्कवरची वापरली जाणारी जागा) बघा. 'एसटी' जास्त असेल तर तुमच्या वाट्याचा प्रोसेसर तुम्हाला मिळतच नाहीये. कॉन्फिगमध्ये काही खुडबुड करू नका, होस्टिंगवाल्याशी बोला किंवा प्लॅन वाढवा.

मॅक्स चिल्ड्रन वाढवत सुटणं

एकावेळी पीएचपीचे किती वर्कर (पानं बनवणाऱ्या प्रोसेस) चालतील, त्याची मर्यादा म्हणजे मॅक्स चिल्ड्रन. वर्कर संपले की एफपीएम लॉगमध्ये लिहितो की मर्यादा गाठली आहे, ती वाढवण्याचा विचार करा. नवखी मंडळी यातला 'विचार करा' सोडून बाकीचं तेवढं वाचतात.

एका कॉलेजच्या निकालाच्या दिवशी मला मदतीला बोलावलं होतं. ४ कोअर, ४ जीबी रॅम, लोड शंभराच्या पुढे. एसएसएचमध्ये (दुरून सर्व्हरवर काम करायच्या खिडकीत) टाइप केलेलं अक्षर उमटायलाही वेळ लागत होता. साइट बघणाऱ्या मुलाने कुठल्याशा लेखातली कॉन्फिग जशीच्या तशी चिकटवून हा आकडा ५ वरून २०० केला होता, आणि आता ३०० करायच्या बेतात होता. त्याचा एकेक वर्कर ६० एमबीच्या आसपास खात होता. २०० वर्कर म्हणजे १२ जीबी, आणि मशीनमध्ये होती ४. सगळं स्वॅपमध्ये गेलं होतं. टॉपमध्ये 'यूएस' अगदी कमी आणि 'डब्ल्यूए' आभाळाला भिडलेला.

हिशोब कागदावर मावतो. मायएसक्यूएलला १ जीबी, बाकी सिस्टीमला अर्धा, उरले अडीच जीबी. त्याला ६० एमबीने भागलं की ४० च्या आसपास येतात. आकडा ४० केला, स्वॅप रिकामा होत गेला, लोड उतरला.

पानं तरीही रखडत होती. आता मात्र 'यूएस' वर गेला होता, म्हणजे खरं काम दिसायला लागलं. मायएसक्यूएलचा स्लो क्वेरी लॉग (रेंगाळणाऱ्या क्वेरींची नोंद) चालू केला आणि त्याची मर्यादा १ सेकंदावर आणली. मुळात ती १० सेकंद असते आणि तेवढ्यात माणूस पान सोडून गेलेला असतो. लॉगमध्ये एकच क्वेरी पुन्हा पुन्हा येत होती, आसन क्रमांकावरून निकाल शोधणारी. कॉलमवर इंडेक्स (झटपट शोधण्यासाठीची सूची) होता. पण कॉलम मजकुराच्या प्रकारचा, आणि क्वेरीत क्रमांक अवतरणचिन्हांशिवाय, आकडा म्हणून दिलेला. अशा तुलनेत मायएसक्यूएलला तो इंडेक्स वापरता येत नाही, म्हणून प्रत्येक शोधाला अख्खं टेबल चाळलं जात होतं, आणि त्यात मागच्या सगळ्या वर्षांचे निकाल होते. एक्सप्लेन (मायएसक्यूएल क्वेरी कशी चालवणार ते दाखवणारी कमांड) लावल्यावर हे पहिल्याच ओळीत दिसलं. क्रमांक मजकूर म्हणून पाठवला आणि साइट सुरळीत झाली. त्यासाठी एकही वर्कर वाढवावा लागला नाही.

म्हणून माझी सवय सांगतो: आधी एका वर्करची मेमरी, मग भागाकार, मग स्लो लॉग. घाईत चिकटवलेल्या कॉन्फिगचा मला मनापासून राग येतो, कारण ती लिहिणाऱ्याचं मशीन वेगळं असतं आणि भोगतात निकालाची वाट बघणारी पोरं.

अडलं की रीस्टार्ट

रीस्टार्टने दोन मिनिटं बरं वाटतं. पण ऑपकॅश (पीएचपीचा तयार कोड मेमरीत ठेवणारा साठा) रिकामा होतो, डेटाबेसने मेमरीत जमवलेलं बरंचसं पुन्हा डिस्कवरून आणावं लागतं, आणि तेवढ्यात लोक रिफ्रेश दाबत बसलेले असतात. वर पुरावाही जातो. काय अडकलंय ते कळण्याआधी रीस्टार्ट करू नका. निदान टॉप आणि चालू क्वेरींची यादी फाइलमध्ये साठवा, मग काय ते करा.

सगळ्यांना सारखंच पान प्रत्येकासाठी नव्याने बनवणं

लॉगिन नसलेलं पहिलं पान एन्जिनएक्समध्ये एक सेकंद जरी कॅश केलं (तयार प्रत साठवून तीच सगळ्यांना दिली), तरी त्या सेकंदातल्या शेकडो विनंत्यांपैकी साधारण एकच पीएचपीपर्यंत जाते. कॅश लॉक (एकावेळी एकाच विनंतीला पान बनवू देणारी सोय) मात्र चालू ठेवा, नाहीतर पान कॅशमध्ये नसलं की सगळे एकदम आत घुसतात. मुदत संपल्यावर नवीन पान तयार होईपर्यंत जुनं देण्याची सोयही एन्जिनएक्समध्येच आहे, तीही चालू ठेवा. आणि ज्याला लॉगिनची कुकी आहे त्याचं पान कॅश करू नका, एकाचं खातं दुसऱ्याला दिसेल.

आयपीवर फार कडक मर्यादा

आपल्याकडे मोबाइलवरचे कितीतरी ग्राहक एकाच सार्वजनिक आयपीमागून येतात. कॉलेजची अख्खी लॅबही तशीच. सेकंदाला एक विनंती अशी मर्यादा घातली की बॉट राहतात बाजूला आणि विद्यार्थी बाहेर. मर्यादा सैल ठेवा, आणि ती लॉगिन, शोध अशा महागड्या पानांपुरतीच लावा.

थोडक्यात आटपणाऱ्या

वर्डप्रेसचं क्रॉन (ठरलेल्या वेळची कामं करणारी सोय) पाहुण्यांच्या भेटींवर चालू ठेवणं: बंद करा, सिस्टीमच्या क्रॉनला द्या.

एक्सएमएल-आरपीसी (बाहेरच्या ॲपनी वर्डप्रेसशी बोलायची जुनी वाट) लागत नसताना उघडं ठेवणं: एन्जिनएक्समध्येच अडवा.

भाराची चाचणी त्याच सर्व्हरवरून घेणं: चाचणीच प्रोसेसर खाते. दुसऱ्या मशीनवरून घ्या, आणि निकालाच्या आदल्या रात्री नको, आठवडाभर आधी. सापडलेली क्वेरी दुरुस्त करायला वेळ लागतो.