नाशिकमध्ये व्हीगन नाश्ता-जेवण शोधताना या चुका टाळा

नाशिकमध्ये व्हीगन, म्हणजे मांस-अंडं तर नाहीच पण दूध-तूप-दही-मध पण नसलेलं, काही मिळतच नाही असं म्हणणारे बरेचजण मेनूकार्डवर 'व्हीगन' हा शब्द शोधत बसलेले असतात, आणि तो शब्द कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या काही कॅफेंबाहेर फारसा दिसत नाही हे खरंच आहे. पण मिसळ, पोहे, बटाटेवडा, झुणका-भाकर, शेवभाजी, भरीत ही सगळी मंडळी मुळातच बिनदुधाची की हो. आपल्याकडे नाश्त्यात दूध-तूप पदार्थाच्या आत कमी असतं आणि वरून जास्त पडतं, म्हणजे शेवटच्या हाताला. दुपारच्या जेवणात मात्र उलटं, तिथे ते ग्रेव्हीतच शिजलेलं असतं. आणि नव्या कॅफेत ते पाकिटातून येतं, कुणाला पत्ता नसतो. या तीन जागा ध्यानात ठेवल्या की बहुतेक घोळ आधीच कळतात.

'व्हीगन आहे का?' असं विचारणं

उत्तर ठरलेलं आहे, 'हो ताई, प्युअर व्हेज आहे आपलं.' वेटर खोटं बोलत नाहीये, त्याच्या हिशोबात अंडं-मटण नाही म्हणजे झालं. मग काही हुशार लोक 'जैन द्या' म्हणतात, तर जैनमध्ये कांदा-लसूण-बटाटा जातो, पनीर आणि तूप तिथंच राहतं, म्हणजे नको ते आलं आणि हवं ते गेलं.

त्यापेक्षा सरळ 'दादा, मला दूध चालत नाही, तूप-लोणी-दही पण नको, तेलातच करा' असं सांगा. 'दूध चालत नाही' हे वाक्य नाशिकरोडच्या टपरीपासून इंदिरानगरच्या कॅफेपर्यंत सगळ्यांना कळतं, कुणी का म्हणून विचारत नाही. तूप वेगळं बोलून दाखवायचंच, कारण कित्येकांच्या डोक्यात दूध म्हणजे पातेल्यातलं दूध, तूप त्यात मोजलं जात नाही. आणि हे गल्ल्यावरच्या माणसाला नाही, तव्यावरच्या माणसाला सांगायचं. गल्ल्यावरचे काका मान हलवतात, चिठ्ठीवर मात्र '१ मसाला डोसा' एवढंच जातं.

रविवारी सकाळी नऊ वाजता मिसळीच्या रांगेत उभं राहून गाईंबद्दल भाषण देणं ही पण एक टाळायची चूक आहे, मागचे लोक बघतात हो.

मिसळ व्हीगनच असते असं धरून चालणं

आता हा नाशिकचा खरा विषय. सातपूरची श्यामसुंदर घ्या, पंचवटीतली अंबिका घ्या, साधनाची चुलीवरची घ्या, प्रत्येकाचा आपापला पक्ष ठरलेला असतो आणि त्यात मी पडणार नाही. पण मिसळीचा सांगाडा सगळीकडे साधारण तोच, मटकीची उसळ, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या मसाल्याचा रस्सा, वर तर्री, फरसाण किंवा शेव, कांदा, लिंबू. यात दुधाचं काही नाही. अडचण ताटात शेजारी काय बसलंय त्याची आहे.

पहिलं म्हणजे दह्याची वाटी. ती वेगळी आली तर शेजारच्याला द्या, प्रश्न मिटला, पण गर्दीच्या वेळी बऱ्याच ठिकाणी ताटं आधीच लावून ठेवलेली असतात आणि कुठे कुठे दही थेट मिसळीवर सुटतं, म्हणून ऑर्डर देतानाच 'दही नको, त्याऐवजी कांदा जास्त द्या' म्हणायचं. असं म्हटलं की समोरच्याला पण बरं वाटतं, कारण गिऱ्हाईकाने नुसतं नको म्हटलं की त्याला वाटतं हा आता पैसे कमी करायला सांगणार.

दुसरा पाव. लादीपाव म्हणजे मैदा, पाणी, यीस्ट, मीठ, थोडी साखर, बहुतेकदा तेल. पण काही बेकऱ्यांमध्ये पिठात दुधाची पावडर जाते, काही ठिकाणी पाव चकचकीत दिसावा म्हणून वरून दुधाचा किंवा बटरचा हात फिरतो. हे मिसळवाल्याला विचारून उपयोग नाही, त्याच्याकडे पाव बाहेरूनच येतो. 'पाव कुठल्या बेकरीचा?' हे विचारा आणि येता-जाता एकदा त्या बेकरीतच विचारून टाका. एका बेकरीचे पाव आसपासच्या चार-पाच ठिकाणी जात असतात, त्यामुळे एका विचारण्यात अख्ख्या एरियाचं काम होतं. आणि पाव भाजून घेऊ नका, तव्यावर पाव गेला की सोबत बटर गेलंच म्हणून समजा, 'साधाच द्या, मऊ' एवढं पुरे.

तिसरी जिलेबी. मिसळीनंतर जिलेबी खायची पद्धत आहे आपल्याकडे, पण पीठ आंबवायला दही घालतात आणि तळण तुपातलं असू शकतं, त्यामुळे ती सोडलेली बरी. तळण डालड्यातलं असेल तर ते वनस्पतीचं, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या चालतं, तब्येतीला कसं ते तुमचं तुम्ही बघा. मठ्ठ्याचा ग्लास न सांगता येतो, तो पण परत.

वडापावाचं सोपं आहे. वडा बेसनात बुडवून तेलात तळलेला, लसणाची सुकी चटणी, तळलेली मिरची, काही अडत नाही. आपला उलटा वडापाव तर पावासकट बेसनात घोळवून तळलेला असतो, तिथं पावाला बटर लावायचा प्रश्नच नाही, फक्त आत चीज भरणारे नवे प्रकार आलेत ते बघून घ्या. आणि हिरवी चटणी दाट-पांढरट दिसली तर त्यात दही आहे का ते विचारा.

इडली-डोसा म्हणजे सेफ, हा गैरसमज

साधी इडली तांदूळ आणि उडीद डाळीची, ती चालते. रवा इडलीत दही असतं. डोशाचं पीठ पण चालतं, पण तव्यावर बटरचा गोळा न विचारता पडतो, विशेषतः मसाला डोशावर, कारण गिऱ्हाईकाला तेच हवं असतं. रवा डोशात काही ठिकाणी ताक घालतात. खोबऱ्याच्या चटणीत खोबरं वाचवायला दही मिसळणारे आहेत, डाळव मिसळणारे पण आहेत, म्हणून चटणी आधी बोटावर घेऊन चाखण्यापेक्षा विचारलेलं बरं. सांबार बहुतेक ठिकाणी तेलाच्या फोडणीचं असतं.

पोहे बिनधास्त खा. उपम्याला मात्र काही जण तुपाची फोडणी देतात. शिऱ्याचं नाव काढू नका.

आणि उपवासाचं म्हणजे सात्त्विक म्हणजे व्हीगन, हे डोक्यातून काढा. उपवासाला बऱ्याच घरात आणि हॉटेलात तेल चालत नाही म्हणून साबुदाण्याची खिचडी तुपातच होते आणि सोबत दही येतं. भगर आणि दाण्याची आमटी हा खरं तर उत्तम पर्याय, दाण्याचा कूट म्हणजे पोटभरीचं काम, पण फोडणी तुपाची की शेंगदाणा तेलाची हे विचारल्याशिवाय नाही. श्रावणी सोमवारी, त्यातून तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला त्र्यंबककडे लोटणाऱ्या गर्दीत, कुणाला तुमच्यासाठी वेगळी फोडणी द्यायला वेळ नसतो, त्या दिवशी केळी-शेंगदाणे सोबत ठेवा.

दुपारी 'क्रीम टाकू नका' म्हणून निर्धास्त होणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. सकाळी जे वरून पडतं ते थांबवता येतं, पण दुपारच्या हॉटेलात ग्रेव्ह्या सकाळीच मोठ्या पातेल्यात तयार होतात. पांढरी ग्रेव्ही, मखनी ग्रेव्ही, यात काजूबरोबर क्रीम, बटर, खवा किंवा दूध आधीच शिजलेलं असतं. तुम्ही क्रीम नको म्हटलं की वरची पांढरी नक्षी येत नाही, एवढंच. आचारी पण काय करणार, तो तुमच्या एका प्लेटसाठी पातेलं उलटं फिरवू शकत नाही. म्हणून दुपारी पदार्थ बदलून मागू नका, पदार्थच बदला.

आणि इथे नाशिकचं नशीब चांगलं आहे, खानदेश शेजारीच असल्यामुळे खानदेशी जेवण देणारी ठिकाणं शहरात ठिकठिकाणी सापडतात. शेवभाजी, पातोडीचा रस्सा, डुबुकवडे, वांग्याचं भरीत, ठेचा, ज्वारी-बाजरीची किंवा कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, या जेवणाचा पाया तेल, शेंगदाणे, खोबरं आणि काळा मसाला आहे. विचारायचे प्रश्न दोनच राहतात, भाकरीवर लोणी-तूप लावू नका आणि रश्शात दही नाही ना. पिठल्यात कधी कधी ताक असतं, तेही विचारा. दालबट्टी मात्र सोडा, तुपाशिवाय दालबट्टी मागितली तर मिळेल कदाचित, पण वाढणारा तुमच्याकडे ज्या नजरेने बघेल ते सहन करायची तयारी ठेवा.

थाळीत लढाई वेगाशी आहे. वाढपी येतो, 'तूप?' म्हणतो आणि तुमचा 'नको' पोचेपर्यंत वरणावर पडलेलं असतं. बसल्या बसल्या सांगा, आणि तो जवळ आला की वाटीवर सरळ हात ठेवा, यात लाजायचं काही नाही, आपल्या पंगतीत नको म्हणायची हीच रीत आहे. पोळ्या आतून तूप लावूनच थरावर थर रचलेल्या येतात, तर 'कोरडी पोळी' आधी मागून ठेवा, थोडी थांबावी लागेल पण गरम मिळेल. कढी आणि दह्याची कोशिंबीर परत, त्याऐवजी कांदा-काकडी-टोमॅटो. मसालेभातात तूप वर पण असतं आणि आत पण असू शकतं, साधा भात घ्या. सोलकढी नारळाच्या दुधाची असते म्हणून चालते.

पंजाबी हॉटेलातच जायची वेळ आली, ऑफिसची पार्टी वगैरे, तर नान नको कारण पिठात दही-दूध असतं, तंदुरी रोटी घ्या आणि 'बटर नको, कोरडी' असं सांगा. भाजीत आलू-जिरा, भेंडी फ्राय, चना मसाला असलं कोरडं किंवा कांदा-टोमॅटोवरचं काही बघा. डाळ तडका नको, किंवा तडका तेलाचा द्यायला सांगा.

कॅफेत 'एगलेस' वाचून खूश होणं

एगलेस केकमध्ये अंडं नसतं, आणि त्याची भरपाई म्हणून बऱ्याचदा कंडेन्स्ड मिल्क किंवा दही जास्तच असतं. अंड्याबरोबर दूध पण गेलं असं कोण कुठून शिकतं माहीत नाही, पण हा प्रश्न बेकरीत रोज चालतो.

सँडविचमध्ये खरा चोर आहे व्हेज मेयोनीज. अंडं काढून त्यात दुधाची पावडर किंवा दुधाचं प्रोटीन घातलेले ब्रँड भरपूर आहेत, हिरवा ठिपका असतोच वर. पेस्टोत चीज असतं. ग्रॅनोला आणि स्मूदी बोलमध्ये मध, कधी दही. सावरडो ब्रेड सहसा पीठ-पाणी-मिठाचा असतो, ब्रिओश आणि क्रोसाँ म्हणजे बटर. हमस-फलाफल (काबुली चण्याची चटणी आणि वडे) चांगला पर्याय आहे पण सोबतची पांढरी डिप बाजूला ठेवायला सांगा. टोफू, म्हणजे सोयाचं पनीर, मिळाला म्हणून लगेच फोटो काढू नका, तो बटरवर परतून आणलेला असू शकतो.

कॉफीत ओट किंवा बदामाचं दूध मिळतं, जादा पैसे पडतात. ते कॉफीत फुटलं म्हणजे खराब होतं असं नाही, गरम आणि आंबट कॉफीत सोया-बदामाचं दूध फाटू शकतं, म्हणून 'बरिस्ता' लिहिलेलं पाकीट वापरतात का ते विचारा, त्यात आंबटपणा सांभाळणारे घटक असतात. फ्रापे, हॉट चॉकलेट, मशीनचा चहा यांच्या पावडरीत दूध आधीच असतं, तिथं ओट मिल्क घालून काही साधत नाही. 'नॉन-डेअरी क्रीमर' या नावावर तर अजिबात जाऊ नका, त्यात बहुतेकदा सोडियम केसिनेट असतं आणि ते दुधातलंच प्रोटीन आहे. हे सगळं नको असेल तर कोरा चहा मागा, आलं-लिंबू घालून, कुठल्याही टपरीवर मिळतो आणि स्वस्तात पडतो.

शंका आली तर पाकीट दाखवायला सांगा, चांगले कॅफेवाले दाखवतात. हिरवा ठिपका शाकाहाराचा आहे, दूध आणि मध त्यात बसतात. व्हीगनसाठी वेगळं हिरवं चिन्ह आहे, एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचे त्याबद्दलचे नियम २०२२ चे. ते दिसलं नाही तर घटकांच्या यादीखालची ॲलर्जीची ओळ वाचा, दूध असेल तर तिथे लिहिलेलं असतं.

ॲपवरच्या टॅगवर विसंबून निघणं

डिलिव्हरी ॲपवर 'व्हीगन' सर्च केलं की फ्रूट सॅलडपासून पनीर टिक्क्यापर्यंत काहीही येतं. आणि ऑर्डरच्या नोटमध्ये 'नो बटर' लिहिलेलं किचनमध्ये कुणी वाचेलच असं नाही, गर्दीच्या वेळी तर नाहीच. फोन करा, पण साडेअकराच्या आसपास किंवा दुपारी चारनंतर, एक वाजता केलात तर 'हो हो, होऊन जाईल' हेच ऐकू येईल. एकदा जमलं की त्याच ठिकाणी, त्याच माणसाला धरून राहा, तिसऱ्यांदा गेल्यावर तोच आतल्या पोराला ओरडून सांगतो, 'अरे, ताईंच्या डोशाला बटर नाही.'