लोगोवर अटकलेलं जीपीएस घड्याळ

दारव्ह्याला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. पोलीस भरती जवळ आली की सोळाशे मीटरची तयारी करणारे पोट्टे सेकंडहँड जीपीएस घड्याळं घेऊन येतात. तक्रार ठरलेली : "भाऊ, अपडेट टाकलं अन् लोगोवर अटकलं. मेलं का जी?" बहुतेक वेळा मेलेलं नसतं.

पहिले पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा. स्क्रीन पूर्ण काळी झाली की सोडा अन् परत चालू करा. बरीचशी घड्याळं इथेच उठतात.

नाही उठलं तर कॉम्प्युटरला लावा. कॉम्प्युटरला घड्याळ दिसतच नसेल तर आधी केबलवर संशय घ्या. बाजारातल्या कितीतरी स्वस्त केबली फक्त चार्जिंगच्या असतात, आत डेटाच्या तारा नसतातच. मग घड्याळ उलटं करून पाहा. घामाचं मीठ बसून मागचे पॉइंट हिरवे पडतात. जुन्या टूथब्रशला थोडं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावून घासा, पूर्ण वाळू द्या. ब्लेडनं खरवडू नका. वरचा मुलामा निघाला की तो पॉइंट सारखाच गंजत राहतो.

आपल्याकडे लाईनचा भरवसा नाही, म्हणून हे काम डेस्कटॉपवर नको, भरलेल्या लॅपटॉपवर करा. घड्याळही अर्ध्याच्या वर चार्ज पाहिजे. नवतप्यात टिनाखाली बसून तर करूच नका. 45 अंशांच्या वर लिथियम बॅटरी चार्ज करायची नसते, त्यामुळे घड्याळ तापलं की चार्जिंग थांबवतं. सकाळी लवकर उरका.

घड्याळ जोडल्या जोडल्या पहिलं काम म्हणजे 'ॲक्टिव्हिटी' फोल्डर लॅपटॉपवर कॉपी करणं. धावण्याची सगळी नोंद त्यात असते, अन् रिसेट मारलं की ती गेली समजा. त्यानंतर कंपनीच्या प्रोग्राममधून अपडेट परत चालवा. गार्मिनच्या जुन्या, पेन ड्राइव्हसारख्या उघडणाऱ्या मॉडेलांत 'जीअपडेट' नावाची, 'जीसीडी' एक्स्टेन्शनची फाइल 'गार्मिन' फोल्डरमध्ये जाते. आधीची अर्धवट फाइल तिथे पडली असेल तर ती उडवून नवी टाका. फाइल नेमक्या त्याच मॉडेलची हवी, एका आकड्याचा फरकही चालत नाही. 'इजेक्ट' केल्याशिवाय केबल ओढायची नाही, आणि इन्स्टॉलची पट्टी सरकत असताना बटणाला हात लावायचा नाही.

अपडेट झाल्यावर लगेच ट्रॅकवर पळू नका. उपग्रहांचं पूर्ण वेळापत्रक उतरायला साडेबारा मिनिटं लागतात, म्हणून मोकळ्या आभाळाखाली घड्याळ वीसेक मिनिटं स्थिर ठेवा. नाहीतर पहिल्या राउंडला चारशेचे साडेचारशे मीटर दाखवेल अन् तुम्ही टायमिंग सुधारलं म्हणून खूश व्हाल.

अगदी जुन्या घड्याळात तारीखच साडेएकोणीस वर्षं मागची दिसते. जीपीएसचा आठवड्यांचा मोजणी-आकडा 1024 वर गेला की शून्यावर येतो. मागच्या वेळी तो 6 एप्रिल 2019 च्या रात्री आला. त्यावर कंपनीचं अपडेट निघालं असेल तर टाका. नसेल तर बटणं दाबत बसू नका. अंतर अन् वेग सहसा बरोबर येतात, तारीख वहीत लिहा.